इसाकभाईची भरलेली बादली

सिरसाळ्यात परळीच्या रस्त्याला एका कडुनिंबाखाली पत्र्याचं दुकान होतं. दुकानाला पाटी नव्हती. दारात एक फुटकी, रिकामी बॅटरी पालथी घातलेली असायची आणि तिच्यावर गिऱ्हाईक बसायचं. तीच पाटी आणि तीच खुर्ची. हे दुकान इसाकभाईचं. ट्रॅक्टर असो, जीप असो, दुधाचा टेम्पो असो, ज्याची बॅटरी रुसली तो इसाकभाईकडे यायचा.

इसाकभाई अंगानं किरकोळ, आवाजानं त्याहून किरकोळ. समोरचा बोलायला लागला की हा जमिनीकडे बघायचा. त्याचा धंदा कळायचा पायजम्यावरून. गुडघ्याखाली तेजाबाच्या थेंबांनी इतकी भोकं पडलेली की त्याची बायको रहेमतबी म्हणायची, "अजी, हा पायजमा धुवायला टाकू का पीठ चाळायला घेऊ?" इसाकभाई नुसता हसायचा. उलटं बोलणं त्याच्या अंगात नव्हतं, आणि नाही म्हणणं तर त्याहून नव्हतं. पाना मागा, पक्कड मागा, सायकल मागा; मागणाऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत वस्तू त्याच्या हातात पडायची. त्याचे निम्मे पाने गावभर फिरत असायचे आणि स्वतःचाच पाना परत मागायला जायचं म्हणजे त्याला घाम फुटायचा.

अशा या मऊ माणसाचा एक हट्ट मात्र लोखंडासारखा होता.

त्या वेळी बॅटरी तपासायची म्हणजे गावोगावी एकच रीत. मिस्त्रीनं तारेचा तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकांना टेकवायचा आणि ठिणगी पाडायची. निळी, मोठी, कडाड वाजली तर बॅटरी जित्ती. लाल, बारकी पडली तर मेली. बघणाऱ्यांना मजा यायची, पोरं टाळ्या वाजवायची आणि मालकालाही वाटायचं की आपण काहीतरी पाहिलं. इसाकभाईकडे यातलं काही नव्हतं. बॅटरी आणली की तो आधी बिडी ओढणाऱ्याला रस्त्याच्या पलीकडे पाठवायचा. बोटातली अंगठी काढून खिशात टाकायचा. वेल्डिंगवाल्याकडून आणलेला, पांढऱ्या काचांचा चष्मा पायजम्याच्या जुन्या नाडीनं डोक्यामागे बांधायचा. तेजाब सांडलं तर टाकायला खाण्याच्या सोड्याचा डबा जवळ ओढायचा. आणि मग उजव्या हाताला ठेवलेल्या बादलीवरचं पत्र्याचं झाकण सरकवून बघायचा. बादली स्वच्छ पाण्यानं काठोकाठ भरलेली असली तरच बॅटरीची बुचं उघडायची. उघडल्यावर थोडा थांबायचा, आतला वायू उडून जाऊ द्यायचा, आणि मग काचेची एक पिचकारी आत घालून थोडं तेजाब वर ओढायचा. पिचकारीत एक बारीक कांडी तरंगायची. तिच्याकडे डोळे बारीक करून बघायचा आणि हळूच सांगायचा, "ही चालंल," किंवा "ही दमली."

"आन ठिणगी?" गिऱ्हाईक विचारायचं.

"न्हाई पाडत."

"मंग कळलं कसं?"

इसाकभाई जमिनीकडे बघायचा. समजावून सांगणं त्याला जमायचं नाही. गिऱ्हाईक अर्धवट मनानं बॅटरी उचलायचं आणि जाता जाता पुटपुटायचं, "कांडी बघून निदान करतोय. पंचांग बी काढंल उद्या."

या हट्टामागे एक गोष्ट होती. इसाकभाई हे काम शिकला बीडला, एसटी स्टँडामागे, उस्ताद खाजामियाँच्या हाताखाली. उस्ताद म्हणजे ठिणगीचा बादशहा. ठिणगीच्या आवाजावरून बॅटरी अजून किती दिवस जगेल ते सांगायचे. एक दिवस चार्जिंगवरून नुकतीच काढलेली बॅटरी त्यांनी तशीच पुढ्यात घेतली. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या पोटात वायू धरतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. ठिणगीची वाट बघत बसलेला असतो. तार टेकली आणि बॅटरीचं तोंड फुटलं. तेजाब उस्तादांच्या तोंडावर उडालं. डोळे घट्ट मिटून ते हातांनी मटका चाचपत होते, आणि मटका रिकामा होता. नळाला पाणी नव्हतं. इसाक रस्त्यापलीकडच्या हॉटेलातून पाणी घेऊन येईपर्यंत उशीर झाला. एक डोळा गेलाच. नंतर उस्ताद त्याला एवढंच म्हणाले, "इसाक, डाक्टर बाद में. पानी पहले."

त्या दिवसापासून बादली भरलेली नसली तर बूच उघडायचं नाही, हे इसाकभाईनं मनाशी बांधून घेतलं. हात धुवायला वेगळा डबा होता. बादलीत बोट बुडवायचं नाही, पिण्याला घ्यायचं नाही. बादली भरलेली असायची आणि तिचा कधी उपयोग व्हायचा नाही. इसाकभाईला तेच हवं होतं.

बऱ्या दिवसांत या बादलीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पण सत्याऐंशी सालचा उन्हाळा आला. पाऊस मागचे काही हंगाम हुकत आला होता. विहिरी तळाला गेल्या. गुरं छावणीवर बांधली गेली आणि गावच्या दूध संस्थेचं दूध इतकं आटलं की टँकरच्या तळाशी ते नुसतं डचमळायचं. तेव्हा संस्थेचे चेअरमन शहादेवअण्णांनी सभा घेतली आणि दुधाचा टँकर पाण्याला लावला. घाटनांदूरच्या वाटेवर एका बागायतदाराच्या विहिरीला अजून झरा होता. पाळी ठरवून तिथून पाणी आणायचं आणि चार-चार दिवसांआड गल्लीगल्लीत वाटायचं. टँकर कितीही धुतला तरी पाण्याला दुधाचा वास यायचाच. इसाकभाईच्या शेजारच्या केसरकाकू म्हणायच्या, "चहात दूध घालायची गरजच न्हाई. वासावर भागतंय."

आता गल्लीत हंडे उताणे पडलेले, आणि इसाकभाईच्या दुकानात एक भरलेली बादली नुसती बसलेली! येणारा-जाणारा थांबायचा.

"ही कावून ठिवली भरून?"

"डोळ्यात तेजाब उडालं तर धुवायला."

"उडालं का कधी?"

"न्हाई."

"मंग?"

इसाकभाई बादलीवरचं झाकण नीट करायचा. लोक म्हणायचे, माणसं तहानलेली आणि हा बॅटरीला पाणी दाखवतोय. मागणारेही यायचे. कुणाला लोटा, कुणाला तांब्या. इसाकभाईचा हात बादलीकडे जायचाच. म्हणून रहेमतबीनं रोजचं निवडणं-टिपणं दुकानात आणलं. ती बादलीशेजारी सूप घेऊन बसायची आणि कुणी नुसतं "भाभी" म्हटलं तरी ती म्हणायची, "नक्को. उस्ताद का डोळा इसमेंच है." मागणारा गोंधळून निघून जायचा.

रहेमतबी होती म्हणून बादली टिकली. पण एका सकाळी तिला रेशनच्या रांगेत जावं लागलं, आणि नेमक्या त्याच सकाळी केसरकाकू आल्या. पदरानं तोंड पुसत, इकडे तिकडे बघत.

"इसाकभाई, पाव्हणे आलेत रे. उद्या यायचे ते आजच उतरले पयल्या गाडीनं."

"कोन पाव्हणे?"

"नातीला बघायला. घाटनांदूरचे. आन माझ्या हंड्यात तळाला तांब्या बी बुडत न्हाई." त्यांचा आवाज खाली गेला. "पाव्हण्यांच्या पायावर पाणी घालायचं, चहा करायचा. पानी न्हाई म्हनून कसं सांगू? आज टँकरची पाळी हाय. सांजच्याला पयला हंडा तुझा. तुझी बादली दे."

इसाकभाईनं बादलीकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं. गिऱ्हाईक कुठे दिसत नव्हतं.

"तुमी कशाला उचलता, काकू," तो म्हणाला आणि स्वतःच बादली उचलून मागच्या दारानं त्यांच्या हंड्यात रिकामी करून आला.

रिकामी बादली जागेवर ठेवतो न ठेवतो तोच संस्थेचा टँकर समोर येऊन उभा राहिला. ड्रायव्हर भारत पलीकडे चहा प्यायला उतरला. चहा झाला, वर चढला, चावी फिरवली. टँकर कुरकुरला आणि गप्प बसला. पुन्हा फिरवली. नुसतं टक झालं.

भारत खाली उडी मारून हसतच आला. "बघ इसाकभाई, बंद पडावं तर असं! थेट दवाखान्याच्या दारात!"

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र नव्हतं. मागच्या खेपेला भरलेला टँकर विहिरीवरच असा गप्प झाला होता. धक्का मारायला तिथं माणूस नाही, आणि भरलेला टँकर ढकलणार कोण? शेवटी ट्रॅक्टर आणून ओढावा लागला. तेव्हापासून चेअरमनचा हुकूम होता, शंका आली तर बॅटरी बघितल्याशिवाय विहिरीकडे जायचं नाही. आणि विहिरीवरची लाईट दुपारी जायची. दुपारच्या आत टँकर लागला नाही तर पाळी दुसऱ्या गावाला. मग गल्ली आणखी चार दिवस कोरडी.

इसाकभाईनं आधी जमिनीकडची, म्हणजे अर्थची तार सोडवली, मग दुसरी, आणि दोघांनी बॅटरी आणून दुकानापुढं सावलीत ठेवली. तिचं डोकं ओलं होतं. तारांच्या टोकांना पांढरी-हिरवी भुकटी धरलेली. इसाकभाईनं अंगठी काढली, चष्मा बांधला, सोडा जवळ घेतला. सवयीनं उजवा हात बादलीवर गेला. झाकण सरकलं. आत कोरडा तळ.

त्यानं चष्मा कपाळावर ढकलला.

"काय झालं?" भारत म्हणाला.

"पाणी न्हाई. पाणी आण, मग उघडतो."

"मी पाणीच आणायला चाललोय की!"

"हं."

"मंग बघ बॅटरी."

"पाणी आलं की बघतो."

"आरं पाणी बॅटरी बघितल्यावर येणार हाय बे!" भारत ओरडला.

ओरडणं ऐकून हंडे घेऊन वाट बघणाऱ्या बाया दुकानापुढं जमल्या. पुरुषमाणसं रोजगार हमीच्या खडीवर गेलेली. गल्लीत बाया आणि म्हातारे. संस्थेला दूध घालणारी सुंदरबाई पुढं आली. "इसाकभाई, तुमच्याकडं ती दुसरी हाय ना कोपऱ्यात? ती लावा आन पाठवा याला."

"ती कालपासून चार्जिंगला होती," इसाकभाई जमिनीकडे बघत म्हणाला. "तिचं बी पोट बघायला लागंल. आन हिला काय झालं ते कळल्याबिगर ती लावली, तर ती बी विहिरीवर जाऊन बसंल."

"ऱ्हाऊ द्या! मीच बघतो," म्हणत भारतनं टँकरमधून भला मोठा पाना काढला. "एक ठिणगी. निळी का लाल, बस."

तो वाकला. आणि इसाकभाई मधे येऊन उभा राहिला. बॅटरी त्याच्या पायांमागे, पाना छातीपुढं.

"हात लावू नको बे भारत!"

इसाकभाईचा एवढा आवाज गल्लीनं कधी ऐकला नव्हता. इसाकभाईनंही ऐकला नव्हता. मनात येत होतं, आपण उगाच तमाशा करतोय का? शंभरदा ठिणगी पडते आणि शंभरदा काही होत नाही. एवढ्या बाया हंडे घेऊन उभ्या. पण डोळ्यांपुढे रिकामा मटका चाचपणारे ते हात होते, आणि ते काही केल्या हलत नव्हते.

"बादली रोज भरलेली असती," सुंदरबाई म्हणाली. "आजच कुठं गेलं पाणी?"

आता काय सांगावं? केसरकाकूंच्या घरी पाव्हणे बसलेले. काकूंच्या हंड्यात पाणी नव्हतं हे भर रस्त्यात कसं सांगावं?

"सांडलं," इसाकभाई म्हणाला.

"सांडलं!" बायांनी एकदम कपाळाला हात लावले. दुष्काळात पाणी सांडलं म्हणजे गुन्हाच. कुणी म्हणालं, एवढं जपून सांडलं? कुणी म्हणालं, त्यापेक्षा आमाला दिलं असतं. इसाकभाई मान खाली घालून ऐकत राहिला, पण बॅटरीपुढून हलला नाही.

तेवढ्यात मागून केसरकाकूंचा आवाज आला. "सांडलं न्हाई. मी नेलं." त्यांच्या हातात कळशी होती आणि मागे टोपीवाले दोन पाव्हणे, गलका ऐकून बाहेर आलेले. "त्यानं स्वतः उचलून दिलं. त्याला काय बोलायचं ते मला बोला. उरलंय ते हे घ्या."

पाव्हण्यांपैकी म्हाताऱ्यानं काही न विचारता हातातला तांब्या पुढं केला. "हे बी घ्या. वरून प्यालोय, उष्टं न्हाई."

गल्ली जरा नरमली. पण एक कळशी आणि एक तांब्या, एवढ्यानं बादलीचा निम्मा भाग भरला. इसाकभाईनं आत वाकून बघितलं आणि बिचकत म्हणाला, "दोन डोळ्यांना... पुरायचं न्हाई."

भारतनं पाना जमिनीवर आपटला.

एव्हाना शहादेवअण्णा येऊन पोचले होते. शहादेवअण्णांना सभेची भारी हौस. चार माणसं एकत्र दिसली की त्यांचा हात कोटाच्या गुंडीकडे जायचा. त्यांनी टोपी नीट केली, भारतचं ऐकलं, इसाकभाईकडे बघितलं. "गणसंख्या पुरी दिसतीय," ते म्हणाले. "विषय एक. बादली. सूचना अशी की प्रत्येक घरानं एक माप पाणी द्यावं. कुणाची हरकत?"

हरकत डोळ्यांत बऱ्याच जणींच्या होती. पण संस्थेची माप घेणारी दगडाबाई पदर खोचून पुढं आली आणि हरकत तोंडापर्यंत पोचलीच नाही.

दगडाबाई बौद्धवाड्यातली. संस्थेत ती मापाला बसली तेव्हा दोन-चार जणींनी नाकं मुरडली होती. पण तिच्या पुढ्यात दूध ओतलं की ती काचेची कांडी त्यात सोडायची आणि पाणी घातलेलं दूध जागच्या जागी पकडायची. कुणाचं नातं बघायची नाही, कुणाचं घर बघायची नाही. नाकं मुरडणाऱ्यांना नंतर स्वतःच्या दुधाची काळजी लागली. आत्ताही तिच्या हातात संस्थेचं माप होतं आणि खांद्यावर गाळायचं फडकं.

"रांग लावा," ती म्हणाली. "सकाळच्या दुधासारखी. ढकलाढकली न्हाई."

बायांना त्या आवाजाची सवय होती. घराघरांत जाऊन त्या तांब्या, लोटा, चरवी घेऊन आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. दगडाबाईनं बादलीवर फडकं ताणलं. एकेकीचं पाणी मापात आलं आणि फडक्यातून खाली गेलं. बौद्धवाड्यातलं, तांबोळ्याचं, पाटलाचं, कुणाचं ते बादलीत गेल्यावर कळेना. सुंदरबाईची पाळी आली तेव्हा दगडाबाईनं माप उचलून उजेडात धरलं.

"सुंदरबाई, आज तरी पाणी न्हाई ना घातलं?"

"न्हाई गं अक्का," सुंदरबाई म्हणाली, "आज निव्वळ पाणीच हाय. दुधाचा एक थेंब घातला असंल तर शपथ!"

रांग खदखदून हसली. भारतसुद्धा हसला. बघता बघता बादली काठाला आली.

इसाकभाईनं झाकण ठेवलं, पुन्हा सरकवून बघितलं, चष्मा डोळ्यांवर ओढला. "बिडी कुणाची पेटलेली न्हाई ना? जरा मागं सरा. वाकू नका." मग एकेक बूच उघडलं आणि थांबला. सगळे त्या काळ्या डब्याकडे बघत होते. त्यानं पिचकारी आत घातली आणि सावकाश ओढली. काचेत तेजाब चढलं. कांडी हलली आणि मानेपर्यंत बुडाली.

"थांबा थांबा!" दगडाबाई ओरडली. "ही तर माझीच कांडी!"

"तुमची कशी?" इसाकभाई घाबरला.

"दुधाची! ही बघा की गं, पिचकारीत घातलीय एवढंच." तिनं बायांकडे वळून हात केला. "घट्ट दुधात कांडी वर ऱ्हाती. पातळ दुधात बुडती. आपल्या सुंदरबाईची बुडती तशी."

"तेजाबाचं बी तसंच," इसाकभाई म्हणाला. इतकी वर्षं जे सांगता आलं नव्हतं ते कुणीतरी एका दमात सांगून टाकलं होतं. त्याला एकदम बोलायला सुचू लागलं. "बॅटरी भरलेली असली की तेजाब घट्ट, कांडी वर. उतरली की पातळ, कांडी खाली. ठिणगी पाडायचं कामच न्हाई. अक्का, लांबून बघा, डोळे लांब."

दगडाबाई लांबूनच बघत होती. बॅटरीच्या आतलं एकेक घर, म्हणजे एकेक कप्पा करत इसाकभाईनं सगळी बघितली. प्रत्येकात कांडी बुडाली. दगडाबाईचा चेहरा बदलत गेला. हा चेहरा गावाला ओळखीचा होता. भल्याभल्यांच्या किटल्या त्यापुढं थरथरल्या होत्या.

"यात पाणी घातलंय," ती म्हणाली. "कुणी घातलं पाणी?"

सगळ्यांच्या माना भारतकडे वळल्या.

"म्या... म्या घालतो की," भारत म्हणाला. "इसाकभाईच म्हनलता, बॅटरीत पाणी कमी पडू देऊ नको."

"मी बाटलीतलं म्हनलो," इसाकभाई कळवळून म्हणाला. "दुकानातलं, बॅटरीचं पाणी. ते बी कधीमधी, आतल्या पट्ट्या बुडण्यापुरतं. तू कुठलं घालतो?"

"विहिरीचं. पाईप हातातच असतो तिथं." भारतनं डोकं खाजवलं. "म्हनलं, साऱ्या गावाला पाणी पाजतो, या बिचारीलाच कोरडी कशी ठिवावी? उन्हाचं तिला बी तहान लागत असंल. रोज पाजायचो. वाहूस्तर."

मग शहादेवअण्णांची टोपी हलायला लागली. ते हसत होते. "आख्खा तालुका घोटा-घोटाला म्हाग झालाय," ते म्हणाले, "आन रोज गळ्यापर्यंत पाणी मिळणारी एकटी आमची बॅटरी!"

मग मात्र रांगेला आवरेना. घाटनांदूरचा म्हातारा पाव्हणा डोळे पुसत खाली बसला. केसरकाकूंची नात दारामागून बघत होती, तीही तोंडाला पदर लावून हसली. आणि पाव्हण्यांनी तिला खरं म्हणजे तेव्हाच बघितलं.

"दुधात पाणी घातलं तर संस्थेचा नियम काय?" दगडाबाईनं विचारलं.

"दूध परत, आन सगळे कॅन धुवायचे," बाया एका सुरात म्हणाल्या.

"धुतो," भारत हात जोडून म्हणाला. "पर धुवायला पाणी?"

"ते आणायलाच जा आता!"

इसाकभाईनं तोवर कोपऱ्यातली आपली बॅटरी ओढली होती. तिची बुचं उघडली, थांबला, पिचकारी घातली. कांडी ताठ वर राहिली. "घट्ट हाय!" दगडाबाईच्या आधी सुंदरबाईच म्हणाली. इसाकभाईनं तारांची टोकं सोड्यानं आणि ओल्या फडक्यानं घासून लखलखीत केली. बॅटरी टँकरवर बसवताना तो भारतला दाखवत होता, आणि आज त्याचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जात होता. "जोडताना आधी ही. जमिनीची तार शेवटी. सोडवताना उलटं, जमिनीची आधी. आन इंजन चालू झालं की समोरचा काटा बघ. काटा भरतीकडं झुकला तर डायनामो बरा."

भारतनं चावी फिरवली. टँकर एका हाकेत जागा झाला. काटा भरतीकडं झुकला. लाईट जायच्या पुष्कळ आधी टँकर घाटनांदूरच्या वाटेला लागला.

मागे राहिली ती काठोकाठ भरलेली बादली. कुणाच्याही डोळ्यात काही उडालं नव्हतं. एक थेंब खर्च झाला नव्हता. इसाकभाईला आता नवी काळजी लागली.

"आपापलं माप परत न्या," तो म्हणाला. "टँकर यायला वेळ हाय."

सुंदरबाईचा लोटा पुढं आलाही. पण दगडाबाईनं माप उलटं केलं आणि फडकं झटकलं. "एकदा कॅनात पडलेलं दूध आपण कुणाला परत देतो का? कॅनात पडलं की ते संस्थेचं."

"म्हंजी बादली?" शहादेवअण्णांचे डोळे चमकले.

"बादली संस्थेची. ठिवायची इसाकभाईनं. रिकामी करायची तर सभा बोलवायची."

"सर्वानुमते मंजूर!" शहादेवअण्णा म्हणाले, आणि कुणाचीच हरकत निघाली नाही.

रेशनची पिशवी डोक्यावर घेऊन रहेमतबी परत आली तेव्हा गल्ली पांगत होती. तिनं आधी बादलीत बघितलं. "भरलेली हाय. पण हे आपलं पाणी न्हाई."

"कसं वळकलं?"

"आपल्या पाण्याला दुधाचा वास होता. याला साऱ्या गावाचा येतोय." आणि सगळी हकिकत ऐकल्यावर तिनं सूप उचलून घरात नेऊन ठेवलं. आता राखणीला बसायची गरज तिला वाटली नाही.

खरी परीक्षा त्यानंतर थोड्याच दिवसांनी झाली. ऊन डोक्यावर आलेलं, आणि शहादेवअण्णा छावणीवरून चालत आले. घामानं डबडबलेले. पालथ्या बॅटरीवर बसले, टोपीनं वारा घेतला आणि हात सरळ बादलीच्या झाकणाकडे गेला.

"इसाकभाई, घोटभर घेतो रे."

इसाकभाई जमिनीकडे बघायला लागला. कान लाल झाले. मागच्या दारात रहेमतबी थबकून उभी.

"अण्णा," तो म्हणाला, "माझं असतं तर दिलं असतं. ते संस्थेचं हाय."

"मी चेअरमन हाय संस्थेचा!"

"मंग सभा बोलवा."

अण्णांचा हात झाकणावर तसाच राहिला. मग त्यांनी तो उचलला आणि इतक्या जोरात हसले की पलीकडच्या हॉटेलातले लोक बाहेर आले. इसाकभाई मात्र हसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मागणाऱ्याला नाही म्हणून झालं होतं, आणि त्याला ते सोसवेना. तो घाईघाईनं घरात गेला आणि स्वतःच्या वाटणीचं, मटक्यातलं पाणी पेला भरून घेऊन आला.

"हे घ्या," तो म्हणाला. "हे माझं हाय."